दाराचं कुलूप

"बाहेरचं पितळी झाकण तेच राहू द्या," पाळकसाहेब म्हणाले. "कुलूप बदललंय हे दिसायला नको. त्याला उगीच वाईट वाटेल."

कुलूपवाल्याने मान डोलावली आणि चर्चच्या दारातून जुनं कुलूप उपसून काढलं. आत वेदीपाशी बायका 'सुस्वागतम्'ची अक्षरं चिकटवत होत्या. त्यात त्याची बायकोही होती. स्वागत तिच्याच भावाचं होतं.

हा भाऊ, म्हणजे कुलूपवाल्याचा मेहुणा, ट्रक चालवायचा. एकदा दारू पिऊन चालवला आणि सायकलवरच्या माणसाचा जीव गेला. तो तुरुंगात गेला. त्याआधी चर्चचं दार उघडणं आणि घंटा वाजवणं ही त्याचीच कामं. दारू पिऊन ट्रक चालवणारा काही मेणबत्तीदाण्या चोरणारा नसतो, हे चर्चच्या मंडळातल्या सगळ्यांना कळत होतं. पण माणूस आत राहून काय काय शिकून येईल, सांगता येतं का? शिवाय तुरुंगवाले सुटताना सामान परत देतात म्हणे, त्यात किल्लीही असणार. तेव्हा एकाच बैठकीत दोन ठराव एकमताने झाले: क्षमा करावी आणि कुलूप बदलावं. दोन्हींना कुलूपवाल्याने हात वर केला. दुसऱ्यासाठी तर अनुमोदनही दिलं.

घरी बायकोने विचारलं, "एवढा वेळ दारात काय खाटखूट चालली होती हो?"

"बिजागरी करकरत होती."

"बरं केलंत. माझा भाऊ येतोय, दार तरी नीट उघडू दे."

त्याने नवी किल्ली खिशात आणखी आत ढकलली.

रविवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी दार उघडायला निघाला. पायरीवर मेहुणा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, अंगाला ढगळ झालेला. दाराच्या भोकात जुनी किल्ली.

"दाजी! बरं झालं आलात. अहो, फिरतच नाहीये. तुम्ही घरचे कुलूपवाले असून ही दशा?"

"गंज... गंज धरला असेल."

"तेच म्हटलं. माझ्यासारखंच, बरेच दिवस पडून राहिलेलं," म्हणून तो हसला.

"आण इकडे."

कुलूपवाला दाराकडे तोंड करून, पाठ आडवी धरून उभा राहिला. जुनी किल्ली मुठीत लपवली, खिशातली नवी लावली. एका झटक्यात दार उघडलं. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याने केलं नव्हतं.

"हाताला गुण आहे हो तुमच्या," मेहुणा म्हणाला आणि सवयीने पुढे होऊन किल्ली स्वतःच काढून घेतली.

ती तळहातावर धरून त्याने पाहिली. मग दाजींची मिटलेली मूठ पाहिली.

"बरीच उजळली की किल्ली," तो हळूच म्हणाला.

"अरे, ते मंडळाने... म्हणजे मीच..."

"असू द्या."

"तुझ्याकडेच राहू दे ती. काम तुझंच आहे."

"नको दाजी. घंटा वाजवतो, तेवढी जमेल." त्याने नवी किल्ली दाजींच्या खिशात टाकली, वरून खिसा थोपटला आणि आत गेला.

घंटा वाजली. लोक आले. ते दार आपोआप मिटायचं, म्हणून मेहुणा पूर्वीसारखाच त्याला खांदा लावून उभा राहिला. "या, या," म्हणत एकेकाला आत घेऊ लागला. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. बहीण रडली. स्वागतगीत बसवून आलेली मंडळी एकेक करून, ज्याचं स्वागत करायचं त्याच्याच बगलेखालून आत गेली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

कुलूपवाला पायरीखालीच उभा. जरा हललं की खिशात दोन्ही किल्ल्या वाजत, म्हणून त्याने खिसा हाताने दाबून धरला होता.

आत गाणं सुरू झालं. मेहुण्याने बाहेर डोकावून पाहिलं.

"दाजी, चला ना," तो म्हणाला. "खांदा दुखायला लागला माझा."