मनकर्णाबाईंची हजेरी

वस्तीतून कुठलाही अर्ज गेला की पहिला अंगठा वयानं सगळ्यांत थोर माणसाचा, ही वैरागकडच्या त्या बौद्ध वस्तीची रीत. मान म्हणून. या रीतीनंच घात केला.

स्मशानाची वाट शेजारचे बागायतदार रावसाहेब यांनी चार वर्षांपूर्वी नांगरून उसात घातली होती. उरला वीतभर बांध. गेल्या साली चैतालीच्या चुलत्याची तिरडी त्या बांधावरून पाटाच्या पाण्यात गेली. तेव्हा चैतालीनं अर्ज लिहिला: वाट मोकळी करा, नाहीतर पुढचं मढं कचेरीत आणू. खाली पहिला अंगठा तिच्या आजीचा, शहाऐंशी वर्षांच्या मनकर्णाबाईंचा.

चार वर्षं घोरत पडलेलं सरकार त्या एका ओळीनं खडबडून जागं झालं. आठ दिवसांत पोलीस दारात. रावसाहेबांच्या नव्हे हो, मनकर्णाबाईंच्या! नोटिशीत लिहिलेलं: आपण जमाव भडकवून शांतता भंग करण्याची शक्यता आहे, सबब सोमवारी अकरा वाजता कचेरीत समक्ष हजर राहावे. चोर सोडून संन्याशाला फाशी! जिला उंबरा ओलांडायला दोन माणसं लागायची, ती म्हणे जमाव भडकवणार.

"आज्जे, माजंच चुकलं," चैताली रडकुंडीला आली. "तुजा अंगठा घ्यायला नको हुता."

म्हातारी हसली. "अगं, माज्या बापानं हिरीचं पाणी मागितलं, तवा गोऱ्या सायबानं बी असाच कागुद धाडला हुता. पाणी न्हाय दिलं. बाप गेला की हजर ऱ्हायला. मी बी जाईन."

सोमवारी सकाळी म्हातारीनं चहाची बशी तोंडाला लावली आणि तिथंच मान टाकली.

रावसाहेबांचा निरोप आला: बांधावरून न्या, पण एक कांडं मोडलं तर याद राखा. माणूस मेल्याचं कळलं होतं, तरी काळजी उसाची! चैतालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचा बाप नवनाथ आईच्या उशाशी बसून होता. "आता कुटं न्यायची गं हिला?"

चैतालीनं फळीवरची नोटीस काढली. "अण्णा, सरकारनंच लिवलंय की कुटं ते."

अकराला पाच कमी असताना टेम्पो कचेरीच्या आवारात शिरला. तिरडी पायरीशी उतरली. बघ्यांची गर्दी झाली. तहसीलदार साहेब खिडकीतून डोकावून आत गेले. बाहेर आला तो कारकून, घामानं डबडबलेला.

"मढं इथं आणायला परवानगी नाही!"

"मढं न्हाय आणलं," चैतालीनं नोटीस त्याच्या हातात दिली. "तुमी जिला बोलावलं, तिलाच आणलंय. पुकारा करा."

सगळं आवार त्याच्याकडं बघत होतं. त्यानं कागदावरचं नाव पुकारलं.

नवनाथनं आईच्या तोंडावरचं पांढरं कापड बाजूला केलं. "हजर हाय, सायेब."

"लावा हजेरी," चैताली म्हणाली. "आन् आता हिला जायाला वाट द्या."