एका जागेसाठी दोन कॅप्टन

त्या दिवशी मी आजारी होते. निदान कंपनीला तसं कळवलं होतं. प्रत्यक्षात इस्त्रीचा शर्ट चढवून, बल्गेरियातल्या सोफिया शहराच्या भर उन्हात मी दुसऱ्या मालवाहू विमान कंपनीच्या वैमानिक-चाचणीला निघाले होते. कॅप्टनची एकच जागा, पण कायमची. आमच्याकडे सगळेच कंत्राटी. ज्यांचा माल आम्ही नेतो, त्या पार्सलवाल्यांनी आमच्या चारातली दोन विमानं कमी केली होती, आणि दुसऱ्या दिवशी महिन्याच्या ड्युट्यांची यादी लागणार होती. यादीत नाव नाही म्हणजे नोकरी नाही. हे मी तीनदा भोगलंय. चौथ्यांदा वाट बघत बसायला मी काही खुळी नाही.

निघताना आईने उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला त्यातून चालायला लावलं. काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून; नव्या कामाला जाताना आमच्यात त्यातून कोणी सुटत नाही.

चाचणीच्या जागी पोचले आणि माझी पाचावर धारण बसली. बाकावर आमचे मुख्य वैमानिक, कॅप्टन काराजोव. कालच या गृहस्थांनी आम्हाला जमवून बजावलं होतं, की कंपनी भक्कम आहे, उगाच इकडेतिकडे अर्ज करत फिरू नका. आणि यादी लावतात तेच.

“तू आजारी ना, झोर्नित्सा?”

“उतार पडला. तुम्ही इथे कसे?”

आपली वैमानिकाची नेहमीची सहामाही तपासणी आहे, असं ते म्हणाले. मी खाली पाहिलं. आठवडाभर पावसाचा थेंब नाही आणि यांचे बूट ओले. सहामाही तपासणीला कोणाची आई पाणी ओतत नाही.

“आईंचा हात सढळ दिसतो, कॅप्टन.”

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसले.

नकली कॉकपिटमध्ये आम्हालाच जोडीने बसवलं. धावपट्टीवर वेग घेतला, थांबायची वेळ निघून गेली, आणि डाव्या इंजिनाला आग! घंटा ठणाणा वाजत होती. ते सांगायच्या आत माझा हात योग्य खटक्यावर होता. मग जागा बदलल्या, दाट धुकं आलं, तरी विमान अलगद उतरवलं. मला तर ओरडावंसं वाटत होतं. दोघंही उत्तम, अर्ध्या तासात एक नाव सांगते, असं परीक्षक बाई म्हणाल्या.

आम्ही खाली टपरीवर चीज भरलेली गरम बनित्सा घेतली.

“तू कशाला आलीस?” ते म्हणाले. “उद्याच्या यादीत नाव आहे तुझं.”

“आणि तुमचं?”

“माझं घातलं असतं, तर तुझं काढावं लागलं असतं.”

मला असा राग आला! काल भाषण ठोकताना हा माणूस स्वतःच बेकार झालेला होता. कायमची नोकरी मला नको होती असं कोणी समजू नये. जीव तोडून हवी होती. पण मग ती बनित्सा मी अर्धीच बाजूला ठेवली. हात धुऊन येते म्हणून मी उठले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाले. माझं नाव खोडा, मला काम आहे, असं बाईंना सांगितलं. किती दिवसांचं, त्यांनी विचारलं. महिनाभराचं, म्हटल्यावर त्या बघतच राहिल्या. मला विलक्षण आनंद झाला होता.

खाली आले तर काराजोव टोपी घालून उभे.

“जरा वर जाऊन येतो,” ते म्हणाले. “माझं नाव काढायला सांगतो. तुला पुढे पुष्कळ वर्षं काढायची आहेत.”

“बसा गुपचूप,” मी म्हणाले. “मी आत्ताच जाऊन आले.”