केम्बांगची कात

सोमवारी सकाळी केम्बांगचे डोळे दुधाळ झाले, आणि त्याच संध्याकाळी मला कळलं की सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तिला नागराणी बनलेल्या मुलीच्या खांद्यावर बसायचंय.

आमच्या गल्लीचे प्रमुख पाक विर्यो दारात उभे राहून हसत होते. "बू वार्तिनी, फलक छापून आला बरं का! 'खऱ्या अजगरासह नागराणी.' पलीकडची गल्ली नुसती बघत राहील."

"कुणाचा अजगर?" मी विचारलं.

"कुणाचा म्हणजे? तुमचाच की. प्रिहादीनं फोनवर कबूल केलंय."

प्रिहादी माझा धाकटा भाऊ. दीड वर्षापूर्वी तैवानला कारखान्यात कामाला गेला. जाताना साडेतीन मीटरची केम्बांग माझ्या शिलाईच्या खोलीत ठेवून गेला. "दोनच महिने, म्बाक. मित्राची खोली झाली की तो येऊन घेऊन जाईल." थोरली बहीण म्हणून मला म्बाक म्हणतो, पण धाकटेपणाचे सगळे फायदे घेतो. मित्राची खोली झाली, लग्नही झालं, आणि त्याच्या बायकोनं उंबऱ्यावरच सांगितलं की एक तर मी नाही तर साप. त्यामुळे केम्बांग माझ्याकडेच. केम्बांग म्हणजे फूल. फुलाला दर पंधरा दिवसांनी एक कोंबडी लागते.

"पाक विर्यो," मी म्हणाले, "ती कात टाकायला आलीय. डोळ्यांवर साय धरलीय, तिला दिसत नाही. अशा वेळी हात लावला तर ती कुणालाही धरेल."

त्यांनी बोटं मोजली. "आज सहा. अकरा दिवस आहेत. तोवर टाकेल ना? उलट नव्या कातडीत चकचकीत दिसेल."

हे त्यांचं म्हणणं खरं होतं. तशी ती माझ्याकडे आल्यापासून आठ वेळा कात टाकून झाली होती, बहुतेक वेळा काहीच त्रास न होता. पण हा ऑगस्ट होता. सालातिगात या दिवसांत मेरबाबू डोंगरावरून कोरडं, गार वारं उतरतं. माणसांचे ओठ फुटतात, सापाचं काय होणार!

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रिहादीचा फोन आला. त्याची पाळी सुटली होती.

"म्बाक, पोतं ओलं करून पिंजऱ्यात ठेव. तळाचा काथ्या ओला ठेव. दिवसातून तीनदा पाणी शिंपड. हात लावू नकोस. आणि तुझं ते मशिन चालवू नकोस, तिला हादरे बसतात."

"मिरवणुकीचे बेचाळीस लाल-पांढरे कोट कोण शिवणार? तू?"

"अगं, चारपाच दिवसांचा प्रश्न आहे."

"श्वास घेतला तर चालेल का तिला माझा?"

तो हसला. मी हसले नव्हते. "आणि मला न विचारता मिरवणुकीचं कबूल कसं केलंस रे?"

"पाक विर्योंनी इतकी गळ घातली, नाही कसं म्हणणार? अर्ध्या तासाचं तर काम आहे."

माझं मशिन मी स्वयंपाकघरात ओढून नेलं. चुलीच्या धगीत बसून कोट शिवायचे, मध्येच उठून पोतं भिजवायचं, परत येऊन हात कोरडे करायचे, कारण पांढऱ्या कापडावर काथ्याचे डाग पडत होते. दोन कोट तसे वाया गेले. माझा नवरा दारसोनो प्रवासी गाडी चालवतो. दुपारी जेवायला आला की ताट मांडीवर घेऊन बसायचा. मेजावर सगळे कोट. "या घरात पाहुणा नक्की कोण आहे?" असं एकदा म्हणाला, आणि माझा चेहरा बघून ताटाकडे वळला.

शनिवारी तिचे डोळे निवळले. म्हणजे आता तीनचार दिवसांत कात सुटायला हवी. पाक विर्यो रोज सकाळी फिरायला निघाले की खिडकीशी थांबायचे. "झालं का?" रविवारी झालं का, सोमवारी झालं का. बाळंतिणीच्या दारातही कुणी इतकं विचारत नाही.

मंगळवारी सकाळी केम्बांगनं पिंजऱ्यातल्या विटेवर नाक घासलं आणि ओठाशी कात फाटली. मी काम टाकून पिंजऱ्यासमोर बसले. डोक्यावरची कात सुटली, मानेपर्यंत आली आणि तिथंच अडकली. मग पोटाशी एक चीर, पाठीवर दुसरी. दुपारपर्यंत तिच्या अंगावर करड्या चिंध्या लोंबत होत्या आणि मधूनमधून नवी सोनेरी कातडी दिसत होती. ती विटेला घासायची, थकायची, पडून राहायची. मला तिची दया येत होती आणि तिचा रागही येत होता. इतकं पाणी शिंपडलं, बोटं सुरकुतली माझी. आणखी काय हवं होतं तिला?

शेवटी मी मोठा धुण्याचा टब आणला आणि कोमट पाणी ओतलं. दारसोनो पंचा खांद्यावर टाकून न्हाणीशी उभा होता.

"ते माझ्या आंघोळीचं पाणी होतं."

"गार पाण्यानं करा आज."

"या थंडीत?"

"मग या, तिच्याबरोबर बसा."

पण भला माणूस. पंचा बाजूला टाकून त्यानं शेपटीकडून तिला उचललं, मी डोक्याकडून. टबात घालताना ती फुत्कारली आणि तिनं झेप घेतली. माझा हात वाचला, बादलीचा कान तोंडात सापडला. बादली आपटली, अर्धं पाणी माझ्या अंगावर. दारसोनो हसायला लागला आणि मला रडू आलं. का आलं ते मला सांगता येणार नाही. भिजले होते, अजून नऊ कोट बाकी होते, आणि हा साप माझा नव्हता.

अर्धा तास तिला भिजू दिलं. मग जाड टॉवेल ओला करून मी तो सैल मुठीत धरला आणि त्यातून तिला सरकू दिलं. ओढायचं नाही, तिनंच पुढं जायचं. एकदा, दोनदा, दहादा. टॉवेलात कातीचे तुकडे राहत गेले. दोन तासांनी तिचं सगळं अंग मोकळं झालं. राहिलं ते शेपटीचं टोक, आणि डावा डोळा. त्यावर जुन्या कातीची चकती तशीच चिकटून होती.

प्रिहादीनं पहिला प्रश्न विचारला, "एकसंध निघाली का?"

"चिंध्या निघाल्या."

"म्हणजे ओलावा कमी पडला, म्बाक. मी सांगितलं होतं."

मी फोन बंद केला. पुन्हा वाजला, उचलला नाही. मग त्याचा निरोप आला: डोळ्यावरची चकती चिमट्यानं काढू नकोस, डोळा जाईल. तेवढं मलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पाक विर्यो चिकटपट्टी घेऊन आले. "ही लावायची आणि झटक्यात ओढायची. मी कुठंतरी पाहिलंय."

"आधी तुमच्या पापणीला लावून बघू?" मी म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

सतरा तारखेला सकाळी कोट वाटून झाले होते. मी केम्बांगच्या डोळ्यावर ओला कापूस धरून बसले होते, तेवढ्यात पाक विर्यो आत आले. त्यांच्या मागे नागराणी झालेली रेत्नो; ती औषधाच्या दुकानात काम करते. हिरवी साडीसारखी वस्त्रं, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. आणि पाक विर्योंच्या हातातल्या फोनच्या पडद्यावर माझा भाऊ.

"म्बाक, अर्धाच तास," फोन म्हणाला.

"तिला एका डोळ्यानं दिसत नाही. रस्त्यावर ढोल असणार. गेले दोन आठवडे ती उपाशी आहे, चिडलेली आहे."

"मी तिला लहानपणापासून ओळखतो. काही करणार नाही ती."

"तू ओळखतोस?" माझा आवाज चढला. "दीड वर्ष तू तिला फोनवर बघतोयस! तिची घाण तू काढतोस? कोंबडी तू आणतोस? मी पोतं भिजवायचं, मी मशिन चुलीपाशी न्यायचं, माझ्या नवऱ्यानं गार पाण्यानं आंघोळ करायची, आणि कबूल करणार तू. कात फाटली तर चूक माझी. आता मला एकदा तरी विचार ना, वार्तिनी, तुला हे जमेल का? एकदा!"

पाक विर्यो फोन छातीशी धरून उभे राहिले, त्यामुळे प्रिहादीला बहुतेक फक्त त्यांचं बटण दिसत असावं.

मग रेत्नो हळूच म्हणाली, "बू, खरं सांगू? मला सापाची फार भीती वाटते. दहा दिवस मला नीट झोप नाही."

"मग बोलली का नाहीस?" पाक विर्यो म्हणाले.

"विचारलंच कुठं कुणी?"

मी तिच्याकडे पाहिलं. मुकुटाखाली तिचं कपाळ घामानं भिजलं होतं, त्या गार सकाळीसुद्धा. मी उठून तिला पाणी दिलं.

नागराणी तशीच गेली. फलकावरच्या 'खऱ्या अजगरासह' या शब्दांवर पाक विर्योंनी लाल कागद चिकटवला, पण तो वाऱ्यानं सारखा उडत होता आणि खालची अक्षरं दिसत होती. पोरं ओरडत होती, "कुठंय अजगर? कुठंय?" मिरवणुकीचं बक्षीस पलीकडच्या गल्लीला मिळालं. पाक विर्यो महिनाभर माझ्या खिडकीवरून मान वळवून जात.

डोळ्याचं काम रेंगाळलं. समारांगच्या प्राण्यांच्या डॉक्टरनं पाहिलं, थेंब दिले, म्हणाला, घाई करू नका. केम्बांग सप्टेंबरच्या मध्याला जेवली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा कात टाकली, आणि त्या वेळी डाव्या डोळ्यावरच्या जुनी आणि नवी अशा दोन्ही चकत्या एकात एक निघाल्या. खाली डोळा स्वच्छ होता. मी आणि दारसोनोनं विजेरी धरून तीनतीनदा पाहिला.

त्याच आठवड्यात प्रिहादीचा फोन आला. डोळ्याचं ऐकून त्याला हायसं वाटलं. मग थोडा वेळ घुटमळून म्हणाला, "म्बाक, कारखाना करार वाढवतोय. अजून दोन वर्षं. केम्बांग..."

"तू मला सांगतोयस की विचारतोयस?"

पलीकडे कुठलंतरी यंत्र धडधडत होतं.

"विचारतोय," तो म्हणाला.

त्यानं सही आधीच केली असणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि फोन ठेवला. नंतर त्यानं दोनदा केला. मी उचलला नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, "राहू दे तिला."