उलटा उमटलेला शिक्का

मित्रांनो, माझं अंग लाकडाचं आहे, आणि तोंडावर ‘देगुची’ हे आडनाव कोरलेलं आहे. कानाए देगुचीला जपानमधल्या ओकायामातल्या गणवेशांच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी मला करवून घेतलं. मी आता एक जुना, कडा झिजलेला शिक्का आहे.

आमच्याकडे कागद टेबलावरून टेबलावर फिरे आणि प्रत्येकाचा शिक्का घेई. मी वरिष्ठांच्या शिक्क्याकडे किंचित झुकून उमटायचो. या अदबीचं कौतुक होई आणि मी फुशारून जाई.

एकदा संगणकातली माहिती ठेवणारी साठवणयंत्रणा निवडायचा कागद आला. दोनशे शाळांच्या गणवेशांचे आराखडे तिच्यात राहणार होते आणि कापड कापायची सगळी यंत्रं तिला जोडलेली असणार होती. आमचे विभागप्रमुख नाम्बासाहेब यांना एकच मोठं, वेगवान, कपाटाएवढं यंत्र हवं होतं; आम्ही त्याला कपाटच म्हणायचो. कानाए म्हणाली, “दोन लहान घेऊ, वेगवेगळ्या इमारतींत. एक बंद पडलं तर दुसरं चालेल.”

“नवंकोरं यंत्र बंद कशाला पडेल? अपशकुन करू नका, बाई!”

 तिने मला फिरवून उलटं उमटवलं. पटलेलं नाही पण भांडायचंही नाही, असं सांगायची ही आमची जुनी रीत.

साहेबांना ती नुसती चूक वाटली. ते हसले. “शिक्का उलटा लागलाय. चष्मा बदला आता!”

पुढच्याच मार्चमध्ये ते कपाट बंद पडलं. आराखड्यांच्या नकला दुसरीकडे होत्या, पण त्या यंत्रात परत भरेपर्यंत अकरा दिवस कापणी थांबली. एप्रिलमध्ये शाळांचं नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा एका बेटावरच्या शाळेत सहा मुलं पहिल्या दिवशी घरच्या कपड्यांत उभी राहिली. कानाए बोटीने जाऊन त्यांच्या आईवडिलांसमोर वाकून माफी मागून आली. परतल्यावर तिने मला पुसलं, आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

आता मंजुरी संगणकावर बटण दाबून देतात. मी खणात रबरबँडांच्या सोबतीला पडून असतो. यंदा नवी यंत्रणा निवडायची वेळ आली, आणि पुन्हा एकच कपाट ठरलं. कानाएने खण उघडून माझ्याकडे पाहिलं. बटण काही उलटं दाबता येत नाही. ती उठून साहेबांच्या टेबलापाशी गेली.

“साहेब, मला हे मान्य नाही.”

 साहेबांनी चष्मा काढला. “बसा, देगुचीबाई. सगळं पहिल्यापासून सांगा.”

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण कुणी खालमानेने होकार दिला, तर त्याला एकदा विचारा. आणि तुम्हाला पटलं नसेल, तर तोंडाने सांगा. मी उलटा उमटलो होतो, पण त्याने त्या सहा मुलांना गणवेश मिळाले नाहीत.