न मोडलेला चौकोन

कॅसेटच्या मागच्या कडेचा तो प्लास्टिकचा चिमुकला चौकोन, नखाएवढाही नाही, अजून जागच्या जागी होता, अंगठा त्यावरून फिरवताना तिला मावशीचा आवाज ऐकू आला, परवाचा, दारात उभ्या उभ्या बोललेला : "आतली कॅसेट आधी काढून ठेव हं. तिचा चौकोन मी मोडलेला नाही." आणि आपण काय म्हणालो? कडेवर पोर, खांद्याला पिशवी, हातात तो जड टेपरेकॉर्डर… "हो गं मावशी, मी काय लहान आहे का," म्हणालो आणि जिना उतरलो.

लहान नाही. आठ महिन्यांच्या मुलीची आई.

सगळं त्या खोकल्यापायी. पंधरा दिवस पोर खोकत होती, पण फक्त घरी. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की हसायची, त्यांच्या गळ्यातली नळी ओढायची. "तुम्हीच जरा झोप घेत जा," डॉक्टर म्हणाले होते, आणि बाकावर बसलेल्या बायका हसल्या होत्या. म्हणून तिनं ठरवलं, खोकलाच टेप करायचा आणि त्यांच्या पुढ्यात ठेवायचा. त्यासाठी तर मावशीचं यंत्र मागून आणलं. काल दुपारी उबळ आली, तिनं धावत जाऊन लाल बटण दाबलं, आणि ते दबलं. चौकोन मोडलेला असता तर दबलंच नसतं, यंत्रानं हट्टानं नाही म्हटलं असतं… पण न मोडलेल्या कॅसेटवर काहीही चढतं. चार मिनिटं खोकला चढला, मध्येच तिचं स्वतःचं "नाही गं, नाही गं माझी बाई ती" चढलं, आणि खाली मावशीचं गाणं होतं तिथं आता काही नव्हतं.

"सांगूच नकोस," सकाळी दाढी करता करता नवरा म्हणाला. "फीत अडकली म्हण. जुन्या कॅसेटी अडकतातच."

किती सोपं! मुलीला छातीशी बांधून, यंत्र या हातातून त्या हातात करत चालताना ती तेच घोकत होती – अडकली गं, काय करू, अडकलीच – आणि पावलं मात्र मंदावत होती, कारण हे खोटं ज्या कानांत जायचं होतं ते कान तिला पुरते ठाऊक होते.

दहा वर्षांची असताना ती त्या कानांसमोर तासन् तास बसली होती. मावशीची एकच खोली. खिडकीला गादी उभी केलेली, दारावर रजया टांगलेल्या, पंखा बंद, आणि घामानं निथळणारी मावशी गिटार घेऊन खुर्चीवर. "तू फक्त लाल बटणाकडे बघायचं. माझ्याकडे नाही." गाणं एका दमात, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कुठे सूर कणभर हलला की पुन्हा पहिल्यापासून. कधी सात वेळा, कधी एकवीस वेळा. आणि कॅसेटमधलं शेवटचं गाणं मनासारखं झालं की मावशी अंबाड्यातला आकडा काढून तो चौकोन मोडायची. कट्! "झालं. आता हे माझंही नाही." चौकोन मोडेपर्यंत त्यातलं गाणं कुणाला ऐकवायचं नाही, त्याची नक्कल काढायची नाही – अर्धवट पोळी कुणी पानात वाढतं का, म्हणायची.

अशा अकरा कॅसेटी. पस्तीस वर्षं सकाळी मुलींना टायपिंग शिकवायचं, दुपारी गाणी लिहायची. तरुणपणी एका कंपनीच्या साहेबानं बोलावलं होतं : "आवाज मधासारखा आहे, शब्द तेवढे आमच्याकडून घ्या." मावशी उठली. "नुसता मधच हवा होता तर मधमाशी कशाला बोलावलीत?" घरात याचं कौतुक झालं असेल म्हणता? आजी म्हणायची, पोटाला टायपिंग आणि डोक्याला खूळ. लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे, "अजून गातेस का गं?" – अजून ताप येतो का, असं विचारावं तसं. मावशी हसून सांगायची, "उतरतच नाही मेला."

सतरा माणसांसमोर ती सतराशे असल्यासारखी गायची. एकदा बस थांब्यावर एक अनोळखी बाई मावशीचं गाणं गुणगुणत उभी होती. आपण लहान, मावशीचा हात ओढत राहिलो – सांग ना, सांग ना, तुझं आहे म्हणून! बस गेल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "एक सूर बदलला तिनं. तिचाच बरा होता." आणि त्यानंतर जन्मभर ती तो सूर त्या बाईसारखाच गात आली… एवढं मोठं मन कुठून आणतात माणसं?

आणि ही बारावी. अकरा वर्षं न मोडलेली. शेवटचं कडवं मावशीला पटत नव्हतं, पण त्याच गाण्यात तिचा आवाज जिथवर चढला होता तिथवर आता तो जात नाही, हे तिनंच परवा सांगितलं होतं, चहा गाळता गाळता, सहज. म्हणून ठरवलं होतं, आहे तसं घ्यायचं. शेवटची कॅसेट, त्यात पहिलं हे गाणं. उद्या ती प्रती काढणाऱ्याकडे जायची होती.

"आलं का काळजीवाहू सरकार!" तिसऱ्या मजल्यावरून मावशी ओरडली. "आणि आमच्या विरोधी पक्षाचा खोकला काय म्हणतोय?"

"मावशी, फीत अ…" ती म्हणाली. "पुसलं गं. माझ्या हातून. तू सांगितलं होतंस."

मावशीनं यंत्र टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. गिटार. दोन ओळी. तो आवाज वर निघाला, निघाला, आणि खट्ट… खोकला. आता बंद करील, तिला वाटलं. मावशीनं बंद केलं नाही. डोळे मिटून चारही मिनिटं ऐकली, फीत मागे घेतली, पुन्हा ऐकली. रडतेय का? तिला बघवेना, ती मुलीचं टोपडं सारखं करत बसली.

"थांब. हे ऐक." मावशी यंत्रावर वाकली होती. "खोकून झाल्यावर श्वास आत घेते ना, तिथं. बारीक शिट्टी वाजतेय."

"डॉक्टर म्हणतात, मीच झोपत जावं."

"त्यांना म्हणावं, माझ्या मावशीचे कान उसने घ्या. आत्ता जा. यंत्र घेऊन जा."

"पण तुझं गाणं…"

"अकरा वर्षं चौकोन मोडला नाही ती मी. तुझी चूक चार मिनिटांची." मावशीनं मुलीच्या गालाला बोट लावलं. "पळ आता. आणि घाबरू नकोस, घाबरणारी बाई हळू चालते."

आता दवाखान्यातल्या बाकावर तिच्या पुढे सात जण आहेत. मांडीवर मुलगी, मुलीच्या पायांशी यंत्र. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला आहे, आणि म्हणूनच आता खरी भीती वाटते आहे. पण ती भीती एकाच जागी राहत नाही, इथून उठते, तिसऱ्या मजल्यावर जाते. जिना उतरताना वर कडी लागल्याचा आवाज आला होता. मावशी दिवसा कधी कडी लावत नाही. आपला नंबर येईल, मुलीला तपासतील, मी इथून हलू शकत नाही… तुम्ही त्या बाजूनं जाणार असाल तर बघाल का जरा? तिसरा मजला, जिन्याला लागूनचं दार. आधी नुसते कान लावा. ती गात असेल, तेच कडवं पुन्हा पुन्हा घोळवत असेल, तर वाजवू नका, तसेच परत या. पण काहीच ऐकू येत नसेल, तर वाजवा. भाचीनं पाठवलंय म्हणा. आणि थोडा वेळ बसा तिच्याजवळ.