पाच पंखे, एक लाल मणी

"उत्तर आलं म्हणून हुरळू नकोस, पोरी. कशाचं उत्तर आलं, ते आधी बघ."

चाळीस वर्षांपूर्वी शाळेत मास्तर पाठीशी उभे राहून असं म्हणायचे. आज सकाळपासून तोच आवाज गणिताच्या बाईंच्या कानाशी घुटमळत होता.

सोडत त्यांनीच आखली होती. वाचनालयाच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा होता. तिकिटं पाचशे. पिशवीत शंभर मणी, एक लाल, बाकी पांढरे. तिकीट घ्यायचं, मणी काढायचा, लाल आला तर पंखा घरी न्यायचा. मणी परत पिशवीत. वर्गात शिकवतात तश्शी. शंभरात एक, म्हणजे पाचशेंत पाच. पाच पंखे आणले. उरलेल्या पैशांत गवंड्याचं काम काठोकाठ बसत होतं.

पण पाच ही झाली सरासरी. मणी परत आत जाणार, तर लाल दोनदाच निघेल, नाहीतर नऊदाही. पाचाच्या वर जायची शक्यता शंभरात अडतीस! चार दिवसांपूर्वी कपडे वाळत घालताना बाईंना हे लख्ख उमगलं. पाचशे चिठ्ठ्या करून त्यांत पाचच लाल ठेवल्या, की घोर मिटला असता. बाईंनी मण्यांची पिशवी तशीच ठेवली.

तीनशे चाळिसाव्या तिकिटाला कंपाउंडरांनी पाचवा पंखा काखेत मारला.

"जपून लावा, औषधाच्या पुड्या उडतील," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

रांग अजून फाटकापर्यंत होती. एकशेसाठ तिकिटं बाकी. एकही लाल न निघण्याची आशा पाचात एक. आणि प्रत्येक जादा पंखा उताराची हातभर लांबी खाणार.

वाचनालय सांभाळणारी नणंद तिकिटं फाडता फाडता हसली. "वहिनी, बरोब्बर पाच! तुमचं गणित म्हणजे गणित. आता उरलेले सगळे पांढरे."

पुढची शिवणवाली पिशवीत हात घालणार, तोच बाईंनी पिशवीचं तोंड मुठीत धरलं.

"वन्सं, मण्याला मागचं आठवत नसतं. सहावा लाल निघेल, सातवाही निघेल. द्यायला पंखा नाही. मला चार दिवसांपासून माहीत होतं. पण सोडत ठरली तेव्हा तुम्ही चारचौघांत माझं एवढं कौतुक केलंत, की चुकले म्हणायला माझी जीभच रेटली नाही."