ढेपेवरचा ठसा

सुतकाच्या पाचव्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीने, रंगूबाईने, मला चुलीमागे बसून गूळ खाताना पकडलं. ती पाण्याचा हंडा घेऊन आत आली आणि मला बघून थांबली. हंडा खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझं तोंड भरलेलं होतं. गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

“सगुणेची राख अजून गरम हाय,” ती म्हणाली, “न तुना गोड लागतं?”

तेराव्याला नातेवाईक येऊन तोंड गोड करतात. तोवर सुतकाच्या घरात कोणी गोडाला शिवत नाही. हे मला तिने सांगायची गरज नव्हती. माझं वय पन्नासच्या वर आहे. आईबापाचं सुतक पाळलं, मुलाचं पाळलं. तेव्हा गुळाची आठवणही आली नव्हती. या वेळी बायकोला पोचवून घरी आलो, दुसरा दिवस गेला, आणि तिसऱ्या दिवशी हाडं वेचून परत येताना वाटेतच तोंडाला पाणी सुटलं. मला स्वतःचाच राग आला. दोनदा चूळ भरली, काही उपयोग झाला नाही.

आणि रंगूबाईचं म्हणणंही चूक होतं. मला गूळ गोड लागत नव्हता. तो फक्त हवा होता. पण हे तिला कसं सांगणार? हेच मला एकदा दुसऱ्या कोणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

मी ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवर मापारी आहे. ठाण्याला आगगाडी आली त्याच्या दुसऱ्या वर्षी मापाला लागलो. मीठ फऱ्यात, म्हणजे लाकडी मापात, भरायचं, वरून फळी फिरवून सपाट करायचं आणि मोठ्याने पुकारायचं. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यापुढे दोन, तीन. संध्याकाळी मिठाच्या राशी तशाच उघड्यावर राहतात, म्हणून राशीच्या अंगावर लाकडी ठसा दाबायचा. कोणी पाटीभर जरी मीठ उचललं तरी ठसा मोडतो आणि सकाळी कळतं. हे काम माझ्याकडेच असे. माझ्या राशीतून कधी चोरी झाली नाही.

आमचा मुलगा धाकू सहा वर्षांचा असताना देवी येऊन गेला. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. सगुणाने रडणं लवकर थांबवलं. सगळे म्हणाले, बाई धीराची आहे. मीही म्हणालो. ती मिठागरावर यायची, डोक्यावरून पाट्या वाहायची, घरी येऊन चूल पेटवायची. फक्त बोलणं कमी झालं, आणि घरातला गूळ संपायला लागला.

आधी मला वाटलं, उंदीर. मग वाटलं, शेजारची पोरं. एक दिवस दुपारी अवचित घरी आलो तर ती चुलीमागे भिंतीला टेकून बसलेली, हातात मुठीएवढा खडा. दचकली नाही. खडा लपवलाही नाही. मी विचारलं, जेवली नाहीस का? म्हणाली, जेवले.

“मग पोट भरलेलं असताना कनाला खातेस?”

“पोटाचं कुनी काढलं?” ती म्हणाली. “ह्याच्यानं वाईच बरं वाटतं. कुठं वाटतं, ते मना सांगता येत नाय.”

मी चिडलो. मला वाटलं, ही थट्टा करते. बरं वाटतं तर वाटतं कुठे? डोकं दुखलं तर डोकं म्हणतो, गुडघा दुखला तर गुडघा म्हणतो. ज्याला जागा नाही असं दुखणं मी ऐकलं नव्हतं.

पावसाळ्यात जास्त व्हायचं. मिठागरं बंद, काम नाही, दिवसभर आभाळ काळं. तेव्हा ती खडे फोडून फोडून खायची. खाल्लं की थोडा वेळ हातपाय हलवायची, घर सारवायची, एखादा शब्दही बोलायची. मग पुन्हा तशीच भिंतीला टेकून बसायची. मला वाटलं, ही गुळाचीच बाधा आहे. गूळ खाते म्हणून अशी बसते.

शेवटी मी तिला कल्याणला नेलं. बाजारात गुळाच्या वखारींच्या मागे हरिहर वैद्य राहत. म्हातारे होते, कमी बोलत. त्यांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली, मूल कधी गेलं ते विचारलं. मग तिला ओसरीवर बसायला सांगून मला आत घेतलं. मला वाटलं, आता काढा देतील, पथ्य सांगतील. ते म्हणाले, “हिला जिभेचा रोग नाही. मन खचलं की शरीर गोड मागतं. गोड पोटात गेलं की डोक्याला थोडा वेळ थारा मिळतो. तो उतरला की पुन्हा मागतं. गूळ हा रोग नव्हे, तिने स्वतःच शोधलेलं औषध आहे. चांगलं औषध नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही. गूळ तोडू नका. त्यापेक्षा तिच्याशी मुलाबद्दल बोलत जा.”

येताना गाडीत मी धुमसत होतो. इतका लांब गेलो, कामाचा दिवस मोडला, आणि वैद्य सांगतो, गूळ चारा. गुळाच्या बाजारात राहणारा माणूस आणखी काय सांगणार, असं मी तिला म्हणालो. ती खिडकीबाहेर खाडी बघत होती. मुलाबद्दल बोलायचं तर मला काय बोलायचं तेच माहीत नव्हतं. त्याला ताप चढला तेव्हा मी मापावर होतो. एवढंच बोलण्यासारखं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

मग मी माझा उपाय केला. मिठागरावरचा एक जुना ठसा झिजला म्हणून टाकून दिला होता. मधे वर्तुळ, वर्तुळात दोन अक्षरं. तो मी घरी आणला. गणपतीनंतर गुळाची नवी ढेप आणली, चुलीमागे उलट्या टोपलीवर ठेवली, म्हणजे ओल लागायची नाही. वरचा भाग ओल्या हाताने सारखा केला आणि ठसा दाबला. सगुणा भाकरी थापत होती. तिने मान वर करून बघितलं.

“मिठाच्या राशीवानी?” तिने विचारलं.

मी म्हणालो, होय, तसंच.

ती पुन्हा भाकरी थापायला लागली. त्या दिवशी भाकरी करपली नाही, काही आपटलं नाही. मला वाटलं, पटलं असावं.

त्यानंतर ठसा कधी मोडला नाही. सणाला लागेल तेवढा पातळ काप मी स्वतः सुरीने कडेवरून काढून देई. रोज कामावरून आलो की आधी ढेप बघायचो, मग पाय धुवायचो. माझा चुलतभाऊ काळुराम शेजारीच राहतो. त्याला मी दोनदा तरी सांगितलं की वैद्याला कळलं नाही ते मापाऱ्याला कळलं. तिचं बसणं मात्र सुटलं नव्हतं. ते मी सांगितलं नाही.

फाल्गुनात तिला ताप आला. मिठाचा ऐन हंगाम होता, मला वाटलं उन्हाचा असेल. सहाव्या दिवशी ती गेली. तापात तिने काही मागितलं नाही. मी एकदा विचारलं, काही हवं का? तिने मान हलवली. गूळ देऊ का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा नियम मलाच मोडावा लागला असता, आणि इतके महिने मी काय केलं, असा प्रश्न आला असता. खरं कारण एवढंच.

तर तिसऱ्या दिवशी हाडं वेचून आलो, घरात कोणी नव्हतं, आणि मी चुलीमागे गेलो. ठसा जसाच्या तसा होता. अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मी अंगठ्याने ठशाच्या कडेला दाबलं आणि अंगठा सरळ आत गेला. ढेप उचलली तर हाताला सुक्या भोपळ्याएवढी हलकी. उलटी केली. आत काहीच नव्हतं. चारी बाजूंनी बोटभर जाडीचं कवच आणि वर माझा ठसा. खालच्या टोपलीच्या बुडाच्या कामट्या तिने नीट कापून काढल्या होत्या, हात जाईल एवढं भोक होतं. आतल्या भिंतीवर बोटांचे ओरखडे होते.

माप वरून बघायचं असतं. तीस वर्षं मी तेच शिकलो. खालून माप बघणारा मापारी मी पाहिलेला नाही.

मी तिथेच बसलो आणि त्या ओरखड्यांवरून बोट फिरवून गूळ काढला आणि खाल्ला. थोडा वेळ छातीवरचं ओझं हललं. कुठे हललं ते मला सांगता येणार नाही. मग पुन्हा होतं तिथे येऊन बसलं, आणि पुन्हा गूळ हवासा झाला. म्हाताऱ्या वैद्याने मला हेच, याच क्रमाने, समोर बसवून सांगितलं होतं. इतकं सरळ सांगितलेलं माणसाला कळू नये म्हणजे काय? स्वतःच्या डोक्याचा मला इतका राग आला की मी ते भिंतीवर आपटलं. त्यानेही काही हललं नाही.

पाचव्या दिवशी रंगूबाईने पकडलं ते याच कवचासकट. तिने ते पूर्ण पाहिलं नाही. मी पंच्याखाली झाकलं. त्यानंतर ती माझ्यावर पाळत ठेवायला लागली. मी चुलीकडे गेलो की तिला तिथे काम निघायचं.

मी मात्र एका गोष्टीची वाट बघत होतो. दहाव्याला पिंड ठेवतात. गेलेल्या माणसाचं काही मागे राहिलं असेल तर कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक पुढे होऊन कबूल करतात, अमुक करीन, तमुक देईन. सगुणाचं काय राहिलं ते मला एकट्याला माहीत होतं. मी ठरवलं होतं, सगळ्यांना आधी बोलू द्यायचं. मग पुढे होऊन ते ठशाचं कवच पिंडाशेजारी ठेवायचं आणि चार माणसांत मोठ्याने सांगायचं की मी हिच्या औषधाला कुलूप घातलं, माझी चूक झाली. घरात मला हे कधी बोलता आलं नव्हतं. मला फक्त कावळा थोडा वेळ थांबायला हवा होता.

दहाव्याला सकाळी खाडीवर गेलो. कवच पंच्यात बांधून बरोबर घेतलं होतं. ओहोटी होती. मुलगा नाही म्हणून विधी मीच केला. भटजींनी सांगितलं तसे पिंड मांडले, पाणी सोडलं, हात जोडले आणि मागे सरायला लागलो. मी सरळ उभाही राहिलो नव्हतो. झाडावरून एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावायला वाकला.

मी टाळी वाजवून त्याला हाकललं.

भटजींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आजवर दहाव्याचा कावळा कोणी हाकललेला नाही. लोक त्याच्या विनवण्या करतात. काळुरामने माझा दंड धरला आणि म्हणाला, “दामा, याड लागलं का रं? आला होता ना तो.”

मी म्हणालो, “एवढ्यात कनाला आला? थोडा थांबला असता तर काय झालं असतं?”

तेवढ्यात कावळा परत आला. तोच असेल, दुसरा असेल. काळुरामने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. कावळ्याने पिंड फोडला, मोठा घास उचलला आणि गेला.

“सुटली,” काळुराम म्हणाला. “कायएक मागं ठेवलं नाय तिनं. अशी बाई मिळत नाय, दामा.”

सगळे तेच म्हणाले. समाधानाने म्हणाले. मग एकेक जण आंघोळीला निघाला. काळुरामही गेला. मी बसून राहिलो. तिने तिचं सगळं स्वतः घेतलं होतं. टोपलीच्या भोकातून हात घालून, माझ्या ठशाखालून. मला द्यायला काही ठेवलंच नव्हतं, तर कावळा थांबणार कशासाठी? मला हे कळत होतं, आणि तरी त्या कावळ्याचा राग जात नव्हता.

उशीर झाला म्हणून रंगूबाई मला शोधत आली. माझ्यापुढे दगडावर ते कवच होतं. तिने ते उचललं, वरचा ठसा पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. मग उलटं केलं. बराच वेळ आतले ओरखडे बघत राहिली. आता ही बोलणार, असं वाटून मी मान खाली घातली.

“हुशार व्हती,” ती एवढंच म्हणाली, आणि कवच जिथून उचललं तिथे, ठसा वर करून ठेवलं. “उठ आता. भरती लागली.”

मी म्हणालो, तू हो पुढे, येतो.

ती गेली नाही. जरा बाजूला जाऊन उभी राहिली. पाणी दगडापर्यंत आलं, उरलेला पिंड घेऊन गेलं, मग कवचाला लागलं. आधी अक्षरं गेली. मग वर्तुळ गेलं. मग एक बाजू खचली आणि आत पाणी शिरलं. थोडा वेळ पाण्याला तांबूस रंग आला, नंतर तोही दिसेना. रंगूबाईने पुन्हा हाक मारली. मी उठलो. मला अजून गूळ हवा होता.